वाघिणीच्या दोन्ही बाजू

अमोलला फोटोच्या कडा सहन होत नसत. कडेला झुडपाची एखादी काडी आली, अर्धं पान डोकावलं, की त्याच्या कपाळाला आठी पडे आणि हात माऊसकडे जाई. नागपुरातल्या ज्या फोटो क्लबात तो दर शनिवारी हजेरी लावी, तिथल्या मुकुंदरावांनी त्याला मंत्रच दिला होता. एका फोटोत एकच जनावर, बाकी सगळं बाहेर. अमोलने हा मंत्र इतका मनावर घेतला, की काजलच्या, म्हणजे बायकोच्या, वाढदिवसाच्या फोटोतून त्याने सासूबाईंनाही कापून टाकलं. काजलने दोन दिवस अबोला धरला. पण क्लबात त्याचं नाव झालं होतं, हे खरं.

सगळ्यात जास्त गाजला तो गेल्या रविवारचा फोटो. कुहीजवळच्या खेड्यात त्याच्या पंचफुला आत्याची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, आहे. तिथल्या माळ्यावर, राखणीसाठी चार खांबांवर बांधलेल्या उंच मचाणावर, तो सकाळी पक्ष्यांची वाट बघत बसला होता. पक्षी राहिले बाजूला, समोरच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, वाघीण आली. उभी राहिली, उजवीकडे रोखून पाहिलं आणि नाल्यात उतरली. सगळा खेळ अर्ध्या मिनिटाचा. तेवढ्यात अकरा फोटो निघाले. घरी येऊन त्याने त्यातला एक निवडला, डावीकडून कापला, उजवीकडून कापला, वाघिणीच्या नजरेपुढे तेवढी मोकळी जागा ठेवली. पिवळं धान आणि त्यात एकटी वाघीण.

गावच्या ग्रुपवर तो पडला आणि दहा मिनिटांत पोलीस पाटील नत्थूजींचा फोन आला.

"एकटीच होती का गा?"

"एकटीच. फोटोत पाहा ना, नत्थूजी. नाला उतरून गेली बी."

"मंग जाणारी हाय ते. संग पिल्लं असती तं हटली नसती. बाया कापणीले याले घाबरून राहिल्या म्हणून इचारलं."

तरी गावाने चार दिवस वाट पाहिली. कोणाला काही दिसलं नाही. कापणी गुरुवारी सुरू करायचं ठरलं.

गुरुवारी सकाळी सात वाजता मुकुंदरावांचा निरोप आला. क्लबाच्या स्पर्धेला अमोलने पाठवलेला तो फोटो पहिल्या दहांत आला होता. लबाडी नाही एवढं तपासायला न कापलेली मूळ फाईल अकराच्या आत पाठवायची होती. अमोलने चहाचा कप बाजूला सारून लॅपटॉप उघडला. मूळ फोटो त्याने रविवारनंतर पाहिलाच नव्हता.

उजव्या कडेला लाल डाग होता. बुजगावण्याचं फडकं असावं. लाल रंग नजर खेचतो म्हणून आपण ते उडवलं, हे त्याला आठवलं आणि स्वतःचं कौतुकही वाटलं. डाव्या कडेला, वाघिणीच्या शेपटीमागे, वाळल्या गवताचे धूसर पुंजके होते. ते फारच धूसर वाटतील का, हे बघायला त्याने फोटो मोठा केला.

गवताला कान होते.

दोन गोल कान, त्याखाली डोळे. शेजारी आणखी दोन कान. अमोल स्क्रीनच्या इतका जवळ गेला की त्याचा श्वास काचेवर उमटला. दोन पिल्लं आईच्या मागे धुऱ्याला चिकटून बसली होती. ती जाणारी वाघीण नव्हती. तिने तिथे बिऱ्हाड केलं होतं, आणि आज सकाळी आत्या बायांना घेऊन त्याच धानात शिरली होती.

 त्याने आत्याला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. वावरात गेल्यावर आत्या फोन पिशवीत घालून बाभळीला टांगते, हे त्याला ठाऊक होतं.

"काय झालं?" काजलने दारातून विचारलं.

त्याने नुसतं स्क्रीनकडे बोट केलं. तिने पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

नत्थूजींनी मात्र पहिल्याच घंटेला फोन उचलला. "मी तहसीलले येऊन राहिलो बापा. बाया तं सहालेच गेल्या."

"त्याईले बाहेर काढा, नत्थूजी. दोन पिल्लं हायेत तिची. धानातच असतीन."

 नत्थूजी हळूच म्हणाले, "पन तुनंच तं सांगतलं होतं ना गा, एकटी हाय म्हणून."

अमोलने फोटो पुन्हा लहान करून कडेपर्यंत पुरा स्क्रीनवर आणला. त्याने मोबाईलने स्क्रीनचाच फोटो काढला, नत्थूजींना पाठवला आणि गाडीची चावी उचलली. नत्थूजी वनरक्षकाला कळवतो म्हणाले, गावात फोन लावून बघतो म्हणाले, पण सगळं गाव वावरात होतं.

मानेवाड्यातल्या घरून दिघोरी नाका, तिथून उमरेड रोड. एरवी या रस्त्यावर अमोल तारांवरचे पक्षी बघत रमतगमत जाई. आज त्याला समोरचा ट्रकही धड दिसत नव्हता. दर दहा मिनिटांनी गाडी कडेला घेऊन तो आत्याला फोन लावी आणि ती घंटा ऐकत उभा राही. बाभळीवर पिशवीत वाजणारा फोन आणि पलीकडे वाकून कापणाऱ्या बाया, एवढंच डोळ्यांपुढे येई. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटतच नाही, हे त्याने स्वतःच क्लबात भाषण ठोकताना सांगितलं होतं. तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. कुही फाट्याला तो वेग कमी न करताच वळला. आई गेल्यावर त्याला वाढवलं ते आत्याने. तिला काही झालं तर आपण कोणाला तोंड दाखवणार, हा एकच विचार डोक्यात घुमत होता.

पांदणीत, शेताकडच्या कच्च्या वाटेत, गाडी टाकून तो धावत सुटला. बांधी दिसली आणि त्याचे पाय थबकले. बायांनी तीन बाजूंनी धान कापत आणलं होतं. कापलेल्याच्या ओळी जमिनीवर पसरल्या होत्या आणि मधे, नाल्याच्या अंगाला, उभ्या धानाचा जेमतेम एक तुकडा उरला होता. आत जे काही लपलं असेल ते कापणी पुढे येईल तसं मागे सरत त्या तुकड्यात कोंडलं असणार. जनावराला निघायला एकच वाट होती, नाल्याची.

अलीकडे चार बाया होत्या. अमोलने हातांनीच खुणा केल्या. त्याचा चेहरा बघून बायांनी विळे तसेच धरले आणि माळ्याकडे सरकल्या.

"आत्या कुठी हाय?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

एकीने विळ्याने पलीकडे दाखवलं. साडीवर त्यानेच दिलेला जुना लाल शर्ट चढवून आत्या तुकड्याच्या त्या बाजूला होती. नाल्याच्या वाटेवर, बरोबर मधे.

अमोल धसकटांतून कडेकडेने पुढे गेला. तो हाक मारणार होता, तेवढ्यात ती नीट दिसली. आत्या वाकलेली नव्हती. ती ताठ उभी होती, डोळे धानावर, आणि विळ्याचा हात तिने त्याच्या दिशेने उचलून धरला होता. थांब.

मग धानातून आवाज आला. मोठा नव्हता. पण तो कानांआधी छातीला जाणवला. आत्या पंधरा पावलांवर होती आणि त्याला एक पाऊल टाकवेना. वाघ बघायला हजारो रुपये मोजणारा हा माणूस लहान पोरासारखा धसकटांत बसला.

आत्या आडवी चालत आली. पाठ न फिरवता, पाय घासत, एकेक पाऊल. तिने त्याचं मनगट धरून त्याला उठवलं. "धावू नको," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. "मागं मागं चाल." तिचाही हात ओला होता.

दोघं वीसेक पावलं मागे आली तेव्हा धानाचे शेंडे हलले. आधी एक रुंद लाट गेली, तिच्यामागे दोन बारीक. धुऱ्यावर वाघीण चढली, मान वळवून तिने या दोघांकडे पाहिलं, आणि तिच्या पायांतून पिल्लं नाल्यात उतरली. मग तीही उतरली.

माळ्यापाशी बाया एकमेकींना धरून बसल्या होत्या. एक रडत होती. आत्याने मडक्यातलं पाणी सगळ्यांना दिलं, उरलेलं स्वतः प्याली.

"तुले कसं समजलं गा?" तिने विचारलं.

अमोलने मोबाईलवरचा पुरा फोटो दाखवला. आत्याने तो लांब धरला, जवळ धरला. "हा तू धाडलेला नाई."

"तो मी कापला होता, आत्या. पिल्लं मले दिसलीच नाईत. चुकलं माह्यं."

"दोन हायेत," ती मोजून म्हणाली. मग तिचा भुसा लागलेला अंगठा काचेवरून उजवीकडे सरकला. "अन् हे काय?"

"बुजगावणं असन."

"बुजगावणं म्या औंदा लावलंच नाई." आत्याने फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिली. मग शर्टाची लाल बाही चिमटीत धरून तिने मोबाईलला लावली. "बैलाईसाठी गवत कापून राहिली होती मी, आयतवारी. वाकून."

अमोलने पाहिलं. वाघीण उजवीकडे रोखून बघत होती. त्या नजरेपुढे त्याने मोजूनमापून जागा सोडली होती, आणि त्या जागेच्या पलीकडे, नजर जिथे पोचत होती तिथे, आत्या होती.

"मले काहून कापलं गा?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता.

लाल रंग नजर खेचतो, हे उत्तर त्याच्यापाशी तयार होतं. ते ओठांपर्यंत आलंही. आत्या त्याच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होती.