सावकाश उघडणारी पेटी

गॅरेजच्या भिंतीवरच्या फळीला चौपन्न हत्यारं टांगलेली होती. सोळा फिक्स पाने, बारा रिंग पाने, नऊ स्क्रूड्रायव्हर, पाच पकडी, चार हातोड्या, चार छिन्न्या, तीन कानशी आणि एक टॉमी, म्हणजे चाकाचे नट सोडवायची लोखंडी दांडी. यांतली सात आजवर माणसाच्या अंगावर पडली होती आणि दर वेळी तो माणूस एकच होता.

तो म्हणजे धाकटा. मारणारा त्याचा सख्खा थोरला भाऊ. एकोणीसच्या पान्यानं हनुवटीला चार टाके पडले होते. टॉमीनं डावं गळपट्टीचं हाड मोडलं होतं, तेही दोनदा. मागच्या महिन्यात हातोडी कानावर बसली, तेव्हापासून त्या कानात प्रेशर कुकरसारखी बारीक शिटी वाजत असे. टाके घालता घालता डॉक्टर म्हणाले होते, "अर्धा इंच वर बसली असती ना, तर मला उठवायची गरजच नव्हती."

गॅरेज घराला लागूनच होतं. वडिलांच्या मागे दोघं मिळून ते चालवत. दादाला गाडीचं दुखणं नुसत्या आवाजावरून कळे आणि धाकट्याला सगळं मोजायची खोड. त्यामुळे दादा त्याला नावानं कधी हाक मारत नसे. "ए फुटपट्टी!" एवढंच. धाकट्याच्या हातातली सगळी विद्या दादानं दिलेली होती. एकटा असताना नुसतं पिस्टन काढायचं म्हटलं तरी त्याला दादाचा आवाज डोक्यात ऐकू यायचा. सोडून जाणार कुठे?

मग त्यानं दादाचा रागही मोजला. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत, मार चुकवत, चौदा वेळा. सगळ्यांत छोटा राग सहा सेकंदांचा, सगळ्यांत मोठा अकरा. त्यानंतर दादाचे खांदे खाली यायचे. तो टायरवर बसायचा, पाणी मागायचा आणि विचारायचा, "लागलं का रे?"

म्हणजे प्रश्न अकरा सेकंदांचा होता. तेवढा वेळ दादाच्या हाताला लोखंड लागलं नाही की झालं. रिकाम्या हाताचं धाकट्याला काही वाटत नव्हतं.

"फळी काढून टाका, भावजी," वहिनी म्हणाली. तिनं भाजीची सुरी कधीच कपाटाच्या वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे नेऊन ठेवली होती. "पेटी आणा एखादी. कुलपाची."

"कुलूप लावलं तर किल्लीसाठी मारेल. कुलूप नको. वेळ लागला पाहिजे."

हत्यारांच्या दुकानात मालकानं मोठ्या उत्साहानं एक चकचकीत पेटी पुढे ओढली. पाच खण, बॉल बेअरिंगवर. "बोट लावा नुसतं. लोण्यातून सुरी जावी तसा खण येतो की नाही बघा."

धाकट्यानं बोट लावलं. खण पावणेदोन सेकंदांत पूर्ण बाहेर आला. "चांगला आहे," तो म्हणाला. "मला असा नको."

"मग कसा हवा?"

"उघडायला त्रास होईल असा."

मालकानं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "अहो, पाने ठेवायचेत की सासूचे दागिने?"

"पानेच. हातोड्यापण."

चौथ्या पेटीपर्यंत मालकाचा उत्साह आटला. पाचव्या वेळी तो कोपऱ्यातल्या एका राखाडी धुडाकडे नुसतं बोट दाखवून मोकळा झाला. "ती बघा. तीन वर्षं माझ्या छातीवर बसलीय. जो येतो तो शिव्या घालतो."

सात खण. प्रत्येकाची मूठ आधी वर उचलायची, मग दाबायची, मग ओढायचं. एक खण उघडा असला की बाकीचे सहा हलतच नव्हते. आधी तो पूर्ण आत ढकलायचा, खट् असा आवाज यायचा, मगच दुसरा.

"हे असं का?"

"मागे एक सळी आहे. एका वेळी एकच खण सोडते. दोन-चार खण एकदम बाहेर आले तर पेटी तोंडावर पडेल ना! रिकामी आहे तरी चौऱ्याऐंशी किलो आहे."

धाकट्यानं घड्याळ लावलं आणि वरून खाली एकेक खण उघडून बंद केला. पहिल्या खेपेला अठ्ठावीस सेकंद. दुसऱ्या खेपेला, हात सरावल्यावर, चोवीस.

"घेतो," तो म्हणाला. मालकानं त्याचा विचार बदलायच्या आत दोन माणसांना हाका मारल्या.

हातोड्या त्यानं तळाच्या, सातव्या खणात ठेवल्या. टॉमी त्यांच्याच मागे, तिरकी. छिन्न्या, पाने आणि बाकीची हत्यारं सहाव्यात. वर फक्त गॅस्केट, चिमटे, इन्सुलेशन टेप. दादाला सांगितलं की फळीवर धूळ बसते, पाने गंजतात.

"हे कपाट आहे की सरकारी कचेरी?" दादा पहिल्याच दिवशी ओरडला. "एक टेबल बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही!"

पण पेटीनं काम केलं. रागात दादाला कुठल्या खणात काय ते आठवत नसे, तो वरूनच एकेक उघडत यायचा. एकोणीस दिवसांत दादाला पाच वेळा राग आला. एकदा तो चौथ्या खणापर्यंत पोचला, एकदा पाचव्यापर्यंत. तिथे खण अडकला, दादानं पेटीला लाथ घातली, स्वतःचाच अंगठा धरून टायरवर बसला आणि पाणी मागितलं. धाकट्याला दोन थोबाडीत बसल्या आणि पाठीत एक गुद्दा. रक्त अजिबात नाही. त्या रात्री वहिनीनं त्याच्या ताटात न विचारता दुसऱ्यांदा भात वाढला.

विसाव्या दिवशी सकाळी भंगाराच्या बादलीत धाकट्याला ती सळी दिसली. ग्राइंडरनं मधोमध कापलेली.

दादा पेटीपुढे उभा राहून सगळे खण भराभर उघडत होता, मिटत होता. "बघ! याला म्हणतात पेटी. अक्कल लागते." त्यानं रचनाही बदलली होती. हातोड्या, सॉकेटचे दोन संच, बेअरिंग ओढून काढायचा पुलर, टॉमी, सगळं जड सामान वरच्या तीन खणांत. "दर वेळी वाकायला माझी कंबर काय भाड्यानं आणलीय?"

धाकट्यानं वरच्या तीन खणांतलं वजन मनात मांडलं. अठ्ठेचाळीस किलोच्या आसपास.

"दादा, एकदम दोन खण उघडू नकोस. उलटेल ती. भिंतीला दोन बोल्ट मारतो मी, मग काही हरकत नाही."

"भिंतीला भोक पाडलंस तर तुला पाडीन."

"दहा मिनिटांचं काम आहे."

दादानं त्याची कॉलर धरली आणि दारावर आपटलं. कडी पाठीच्या मणक्याला लागली. "आता हत्यारं कुठे ठेवायची तेही मी तुला विचारायचं? शिकवलं कोणी तुला?"

दुपारी दादा जेवायला घरात गेला. पाऊण तास गॅरेजमध्ये कुणी नव्हतं. ड्रिल चार्ज होतं, दहाचे बोल्ट धाकट्याच्या खिशात होते. त्यानं ते बाहेर काढले, एकदा बघितले आणि पुन्हा खिशात घातले.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, आदल्याच आठवड्यात ब्रेकचं काम करून नेलेला एक टॅक्सीवाला परत आला. ब्रेक दाबला की मागून किरकिर येत होती. चाक उतरवल्यावर कळलं, पॅडची एक क्लिप लावायचीच राहिली होती.

"फुटपट्टीची कामं ही," दादा टॅक्सीवाल्याकडे बघून हसला. "मिलिमीटर मोजेल आणि क्लिप विसरेल."

"मागची चाकं तू केलीस, दादा," धाकटा म्हणाला. "मी पुढे होतो."

टॅक्सीवाल्यानं मान खाली घातली. दादाच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं, पण डोळ्यांतून ते गेलं होतं. पहिला ठोसा धाकट्याच्या तोंडावर बसला आणि खालचा ओठ दातांवर फाटला. दुसऱ्यानं तो बॉनेटवर कोसळला. टॅक्सीवाला "अहो, अहो" करत फाटकाबाहेर पळाला.

दादा पेटीकडे वळला.

पहिला खण त्यानं इतक्या जोरात ओढला की सॉकेट फरशीवर उडाले. त्यातले मूठभर उचलून त्यानं फेकले. एक धाकट्याच्या भुवईवर लागला आणि डोळ्यात रक्त उतरलं. पहिला खण तसाच उघडा ठेवून त्यानं दुसरा ओढला. पुलर आला हाताला, तोही फेकला. धाकटा खाली वाकला, मागे टॅक्सीची काच खळ्ळकन फुटली. "मला खोटं पाडतोस? गिऱ्हाइकासमोर?" तिसरा खण. त्यात हातोड्या होत्या, पण टॉमीखाली दबलेल्या. दादानं उजवा हात आत घातला, मोठ्या हातोडीचा दांडा पकडला आणि हिसका दिला.

पेटीची मागची चाकं फरशीवरून उचलली गेली.

धाकट्यानं ती उचललेली पाहिली. तो ओरडला नाही.

तीन खण, त्यांतली हत्यारं आणि चौऱ्याऐंशी किलो पत्रा एकाच आवाजात खाली आला. दादा बाजूला पडला, पण हात आतच राहिला. तिसऱ्या खणाची कड आणि फरशी यांच्यात तो मनगटाच्या जरा पुढे अडकला होता. दादा किंचाळला तेव्हा घरातल्या वहिनीला वाटलं, आज धाकटा गेला.

ती धावत आली तेव्हा धाकटा उभा होता. ओठातून रक्त हनुवटीवर, हनुवटीवरून शर्टावर.

"जॅक!" ती ओरडली. "भावजी, जॅक घ्या!"

त्यानं ट्रॉली जॅक ओढला, पेटीच्या काठाखाली घातला आणि दांडा मारायला लागला. पेटी पडल्यापासून जॅक लागेपर्यंत किती वेळ गेला, हे हॉस्पिटलमध्ये वहिनीनं त्याला दोनदा विचारलं. त्याला सांगता आलं नाही.

पेटी उचलली गेली तेव्हा दादाचा हात बाहेर आला. बोटं पाचही होती, पण ती एकमेकांशी जुळत नव्हती. करंगळीजवळून पांढरं हाड दिसत होतं. दादानं हाताकडे बघितलं, मग धाकट्याकडे. "भिंतीला बोल्ट..." एवढं म्हणाला आणि त्याची शुद्ध गेली.

दोन ऑपरेशनं झाली, अकरा पिना बसल्या. चार महिन्यांनी फिजिओथेरपीच्या खोलीत एका मुलीनं दादाच्या हातात पकड मोजायचं यंत्र दिलं. वहिनी खुर्चीत बसली होती, धाकटा भिंतीला टेकून उभा होता.

"आधी डावा," मुलगी म्हणाली. "पूर्ण जोर लावा, काका. रागानं दाबा."

दादानं तीनदा दाबलं. मग यंत्र उजव्या हातात घेतलं आणि पुन्हा तीनदा दाबलं. त्याच्या कपाळावर घाम आला, मानेची शीर फुगली. मुलीनं सगळे आकडे लिहिले आणि प्रत्येक हाताची सरासरी काढून वाचून दाखवली.

डावा हात एकेचाळीस किलो. उजवा हात तीन किलो सातशे ग्रॅम.