कोंबड्या धरण्याचा अनुभव

बाजारामागच्या मोकळ्या जागेत मुंगी शिरायला वाव नव्हता. मधोमध प्राणीबाबा. त्यांनी कोंबडी उताणी केली, छातीवर हात ठेवला आणि गरजले, "जा रे जिवा, जा!" कोंबडी पाय वर करून निपचित पडली. मग टाळी वाजवून, "ये रे जिवा, ये!" कोंबडी धडपडत उठली आणि पळत सुटली. लोकांनी तोंडात बोटं घातली.

गर्दीत चिमणी होती. वय अठरा, तरी घरात अजून चिमणीच. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं आणि अर्जाला अनुभवाची वही जोडायची होती. म्हणून दोन महिने ती समोरच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली राबत होती. अनुभव कसला, तर लस टोचताना कोंबड्या धरायच्या! "ऑपरेशन कधी दाखवणार?" विचारलं की बाई म्हणायच्या, "आधी धरायला शीक. आणि जनावर खात नसेल तर आधी तोंडात बघायला शीक." चिमणी मनातल्या मनात चरफडायची.

शेजारी आत्या उभी होती, कडेवर ठिपक्या. या कुत्र्यावर तिचा भारी जीव. दोन दिवस तो खात नव्हता, लाळ गाळत पंजानं तोंड ओरबाडत होता.

"बाधा आहे!" बाबांनी लांबूनच निदान ठोकलं. "तीन दिवस इथं ठेवा. पाण्याचा थेंब देणार नाही मी, की बाधा आपोआप पळेल."

तीन दिवस बिनपाण्याचं? कुत्राच जाईल की! आत्या तर बाबांकडे निघालीसुद्धा. चिमणीनं तिचा पदर धरला.

"आत्या, थांब गं!"

"गप्प बस! मेलेली कोंबडी उठवली त्यांनी. तुझी डॉक्टरीणबाई उठवते का?"

"मेली कुठं होती ती?"

चिमणीनं बाबांच्या खुराड्यातून एकेक करत तीन कोंबड्या काढल्या, उताण्या केल्या, छातीवर हात दाबला आणि मोठ्यानं म्हणाली, "बे एके बे! बे दुणे चार!" तिन्ही निपचित. टाळी वाजली, तिन्ही पसार.

"अगं बाई," भाजीवाली काकू ओरडली, "पाढ्यानंसुद्धा होतंय की!"

"काही न म्हणताही होतं, काकू. उताणी धरली की कोंबडी भीतीनं गोठते. दचकली की पळते. दोन महिने मी हेच बघतेय."

"भस्म होशील पोरी!" बाबा किंचाळले.

"होईन, पण आधी ठिपक्याचं तोंड बघते."

आत्यानं त्याचं डोकं धरलं, चिमणीनं जबडा उघडला. टाळूवर, दाढांच्या मध्ये, आडवी काडी रुतलेली! सगळी गर्दी समोरच्या दवाखान्यात घुसली. चिमणीनं कुत्र्याला घट्ट धरलं आणि बाईंनी चिमट्यानं अर्ध्या मिनिटात बाधा बाहेर काढली. ठिपक्यानं वाडगाभर पाणी लपालपा संपवलं. बाबांनी तोवर खुराडं उचलून धूम ठोकली होती, आता बोला!

आत्या रडायलाच लागली. "दोन दिवस कडेवर घेऊन फिरले मी, पण एकदाही आत बघितलं नाही. तहानेनं मारलं असतं गं मी त्याला!" मग डोळे पुसून गर्दीवरच खेकसली, "बघता काय? तुमच्याही जनावराला कुणी बाधा सांगितली, तर हात जोडू नका. आधी तोंड उघडून बघा!"

चिमणीनं वही काढली आणि लिहिलं, 'आज धरल्या: कोंबड्या तीन, कुत्रा एक.' बाईंनी खाली सही केली.