बंदूक धनूच्या नावावर

अण्णांचं डोकं फिरलं होतं. "बापाची बंदूक पोराला द्यायची, त्यात पोलिसांनी कशाला नाक खुपसायचं? आमचा धनू काय दरोडेखोर आहे?" संगमेश्वरहून ते बोटिम ॲपच्या कॉलवर तणतणत होते, आणि आखातात, अल ऐनमध्ये, ती काम करायची त्या हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून त्यांची लेक समिधा नुसतं हं हं करत होती. रानडुकरांपासून शेत राखायची ठासणीची बंदूक. अण्णांना आताशा नीट दिसत नव्हतं, म्हणून परवाना धनंजयच्या नावावर करायचा होता. "हवालदार तुलाही विचारणार आहे. चांगलं सांग."

चांगलं सांग! दोन वर्षांपूर्वी दुबईत जबल अलीच्या कामगार कॅम्पमध्ये धनंजयने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. समिधानेच त्याला आपल्या घरी आणलं, सावरलं, गावी धाडलं आणि अण्णांना सांगितलं, "त्याचं कॉन्ट्रॅक्ट खलास झालं." पोराचं लग्न व्हायचंय, चार लोकांत बोभाटा नको. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्याकडे फार मोठं शहाणपण.

हवालदारांचा मेसेज आला तसा तिने फोन लावला.

"ताई, गावात सगळे चांगलंच सांगतात. दारू नाही, भांडण नाही, केस नाही. तिकडे असताना कधी काही? डोक्याचा त्रास वगैरे?"

"नाही हो. गुणाचा आहे माझा भाऊ."

खोटं इतकं सहज निघालं की तिला स्वतःचीच लाज वाटली. बरा आहे की तो आता, फोनवर हसतो, असं तिने मनाला बजावलं. पण मन ऐकेना.

संध्याकाळी धनंजयचाच फोन आला. "ताई, काय सांगितलंस त्यांना?"

"चांगलंच सांगितलं रे. घाबरू नकोस, कुणाला काही कळणार नाही."

"तुझं नाव मीच दिलं होतं त्यांना. बंदुकीच्या कपाटाची किल्ली अण्णांच्या कमरेला आहे तोवर ठीक आहे गं. माझ्या हाती नको ती. अण्णांना नाही म्हणायची हिंमत नाही माझ्यात. वाटलं, तू तरी खरं सांगशील."

समिधाला रडू फुटलं. "धनू, फोन ठेवू नकोस," एवढंच तिला बोलता आलं. शेजारी बसलेल्या नवऱ्याचा फोन ओढून घेऊन तिने हवालदारांचा नंबर लावला.

"साहेब, मी धनंजयची बहीण. दुपारी मी खोटं बोलले."