तीन दुर्र्या

मलप्पानं हातातली तीन पानं पुन्हा एकदा बघितली, मान हलवली आणि उपडी टाकून दिली.

"पॅक," तो म्हणाला. हा एक शब्द त्याला आठवडाभरात छान जमला होता.

जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्ड रूमच्या मागच्या सावलीत चौघं बसले होते. अव्वल कारकून व्यंकटराव, जीपचा ड्रायव्हर जलील, शिपाई ग्यानोबा आणि आवक-जावक टपाल बघणारा मलप्पा. पैसे लावायचे नाहीत असा साहेबांचा दम होता, म्हणून मध्ये चिंचोके. डाव जलीलनं राजाच्या जोडीवर मारला. पानं गोळा करता करता त्यानं मलप्पाची पानं उलटली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"चाचा! तीन तिर्र्या टाकून दिल्या?"

"तिर्र्याच की त्या. बारकी पानं," मलप्पा म्हणाला.

व्यंकटराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. माठात थेंब नव्हता, टँकर अजून यायचा होता, त्यामुळे ठसका आपोआप थांबेपर्यंत सगळ्यांना वाट बघावी लागली.

हसले म्हणून मलप्पाला राग आला नाही. उलट कुणीतरी आपल्याला हसतंय, याचंच त्याला बरं वाटलं. सव्वीस वर्षं नांदेडला नोकरी झाली. बायको गेल्यावर तिथल्या दोन खोल्या त्याला खायला उठायच्या. लातूर नवा जिल्हा झाला, नव्या कलेक्टर हापिसाला माणसं हवी होती, तेव्हा कुणी न विचारता यानंच अर्ज केला. पण नव्या गावात एकटेपणाही नव्यानं मांडावा लागतो. दीड वर्षात त्याच्याशी लोक बोलले ते "हे पत्र आलंय का?" एवढंच. गेल्या आठवड्यात यांच्यातला चौथा गडी बदलून जळकोटला गेला आणि जलीलनं हाक मारली, "चाचा, येता का?" पत्त्यांतलं ओ की ठो कळत नसताना मलप्पा डबा तसाच बांधून उठला होता. आता हे बसणं सुटलं तर पुन्हा टेबल, शिक्का आणि भिंत.

"मलप्पा, असं खेळलात तर डाव रंगायचा कसा?" व्यंकटराव डोळे पुसत म्हणाले. "शिकून तरी घ्या. न्हाईतर आम्हाला दुसरा गडी बघावा लागंल."

ते गमतीनं म्हणाले, पण मलप्पानं ते खरंच धरलं. त्यानं खिशातून एक फोडलेलं पाकीट काढलं, उलटं केलं आणि पेन उघडलं.

"सांग बाबा जलील. लिहून घेतो."

"लिवा. कोणाकडं कायच न्हाई, तर ज्याचं पान मोठं त्यो जिंकला. हे कोतवाल समजा. त्याच्यावर जोडी, म्हंजे तलाठी. जोडीवर कलर. तिन्ही पानं बदाम, न्हाईतर तिन्ही इस्पिक. त्यो सर्कल. कलरवर रन, वळीनं आलेली पानं, पाच-सहा-सात. तहसीलदार. आन् वळीनं येऊन रंग बी एकच असला, तर प्रांत."

"आणि तीन सारखी?"

"ती ट्रेल. कलेक्टर!" जलील रंगात आला होता. "दोन वर्सामागं लातुरात कलेक्टर व्हता का? न्हाई. तसंच हाय हे. चारशे डाव खेळा, तवा कुठं एकदा पडती. लोक म्हातारे होतात, पर हातात ट्रेल येत न्हाई. अन् तुमी टाकून देऊन राहिले!"

मलप्पा लिहीत होता. अक्षर टपालाच्या रजिस्टरसारखं सुबक. शेवटच्या ओळीवर पेन थांबलं.

"दुर्र्या असल्या तर?" त्यानं विचारलं. "तीन दुर्र्या?"

"तरीबी. एक्का-राजा-राणी एका रंगात आले, तरी तीन दुर्र्यांपुढं त्यांनी मान खाली घालायची."

मलप्पानं टोपण लावलं आणि पाकीट खिशात ठेवलं. मग उरलेला दिवसभर त्यानं आलेल्या पत्रांवर जावकचा शिक्का मारला.

त्याची बायको गौरम्मा निलंग्याची. पाच भावांत वाढलेली. दिवाळीच्या पाडव्याला दुपारी भावाबहिणींनी चिंचोके घेऊन पत्ते खेळायचे, ही तिच्या माहेरची रीत. लग्न होऊन नांदेडला आली तीही चिंचोक्यांची पिशवी घेऊनच. दर पाडव्याला ती म्हणायची, "एक डाव बसा की ओ." आणि दर पाडव्याला हा वर्तमानपत्र उघडायचा. पत्ते म्हणजे रिकामटेकड्यांचं काम, हे त्याचं ठाम मत. मूलबाळ नव्हतं. मग ती एकटीच दोन हात वाटायची, एक याचा, एक स्वतःचा, आणि दोन्हीकडून खेळायची.

एका पाडव्याला ती पानं धरून धावतच बाहेरच्या खोलीत आली होती. तोंडावर हसू मावत नव्हतं. "बगा की ओ, काय आलंय मला! बगा तरी!"

यानं वर्तमानपत्राच्या कडेवरून बघितलं होतं. "दुर्र्याच ना? त्यात काय एवढं? नळाला पाणी आलंय का बघ."

ती जराशी उभी राहिली. मग म्हणाली, "आलं आसंल," आणि आत गेली. त्यानंतर तिनं एक डाव बसा असं कधी म्हटलं नाही. याला वाटलं होतं, बरं झालं, नाद सुटला.

रविवारी सकाळी मलप्पानं खाटेखालची तिची पत्र्याची पेटी ओढली. लुगड्यांच्या तळाशी चिंचोक्यांची पिशवी होती आणि काळ्या दोऱ्यानं बांधलेले पत्ते. त्यानं दोरा सोडला. सगळ्यात वर बदामाची दुर्री. तिच्याखाली इस्पिकची. तिच्याखाली चौकटची. तिनं ते पत्ते पुन्हा पिसलेच नव्हते.

त्याला रडू आलं. दोन वर्षांपूर्वी स्मशानातही इतकं आलं नव्हतं. ती मोठं काहीतरी दाखवायला आली होती, आणि दाखवायला तिला सगळ्या नांदेडात हा एकच माणूस होता. बाहेर टँकरपाशी घागरी आदळत होत्या, बायका भांडत होत्या. त्याच्या नंबराची घागर कुणीतरी मागं सारली, तरी तो उठला नाही.

सोमवारी जलील पानं पिसता पिसता म्हणाला, "चाचा, ह्या कॅटमधला गुलाम फाटला, पाठीवरून वळखू येऊन राहिला. तुमच्या घरी पत्ते हायत का? उद्या घेऊन या."

"हायत," मलप्पा म्हणाला. "पण ते पिसायचे नाहीत."

"म्हंजे?"

मलप्पा म्हणाला, "आमच्या मंडळींना एकदा तीन दुर्र्या आल्या होत्या."

"या अल्ला!" जलीलचे हात थांबले. ग्यानोबा पुढं सरकला. व्यंकटरावांनीही चष्मा वर केला. "बाई नशीबवान हो तुमच्या," ते म्हणाले.

"अन् म्होरं कोण व्हतं खेळाया?" जलीलनं विचारलं.

मलप्पानं मांडीवरचे चिंचोके एका जागी केले.

"मी होतो."

"मंग हरले आसाल चाचा!"

"हाव," मलप्पा म्हणाला. "हरलो."

सगळे हसले. जलीलनं पानं वाटली. मलप्पानं आपली तीन पानं उचलली आणि छातीजवळ धरून एकेक करून, सावकाश उघडली.