क्वाकांच्या भट्टीतला रांजण

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. उंचीने माणसाच्या कमरेएवढा, रंगाने भांड्याच्या बुडाशी करपलेल्या भातासारखा. माझ्या एका बाजूला पाठीएवढा पट्टा बोडका आहे. तिथे चकाकी नाही, नुसती खरखरीत माती आहे. बघणारे म्हणतात, कुंभाराचा हात चुकला. कुंभाराचा हात मुळीच चुकला नव्हता.

माझा जन्म छुंगछोंग प्रांताच्या डोंगरात झाला. त्या काळी राजाने ख्रिस्ताच्या धर्मावर बंदी घातली होती. ज्यांनी तो धर्म सोडला नाही, ते शेतीवाडी टाकून डोंगरात पळाले आणि कुंभार झाले. माती आणि लाकूड डोंगरात फुकट मिळे, आणि कुंभाराची जात हलकी म्हणून कोणी फारशी विचारपूस करत नसे. क्वाक आजोबा त्यांतलेच. पूर्वी ते ग्रंथ वाचणारे गृहस्थ होते. एकदा तुरुंगातून निसटलेले असल्यामुळे त्यांचा चेहरा शिपायांना पाठ होता. वाडीतल्या लोकांना प्रार्थना शिकवायचं काम त्यांच्याकडेच होतं. मेलेली माणसं एके दिवशी देहासकट उठणार आहेत, हे ते असं सांगत, की जणू उद्या सकाळीच ती उठायची आहेत.

माणूस मोठा हट्टी. रविवार देवाचा, त्या दिवशी भट्टी पेटणार नाही म्हणजे नाही. त्यांची सून सोबुन तोंडाने फटकळ होती. ती मला चकाकीसाठी राखेचा लेप देत असताना दोघांची जुंपली, ती मी माझ्या कानांनी ऐकली.

"मामंजी, खालच्या गावाला दिसतं हो. सहा दिवस धूर, सातव्या दिवशी आभाळ स्वच्छ. रविवारी नुसता पाला तरी जाळू या."

"पाला जाळून देवाला फसवायचं?"

"देवाला नाही, शिपायांना."

"देवाचं नाव घेऊन शिपायांना फसवायचं तरी कशाला?"

"म्हणजे गळ्यात फास पडू द्यायचा. बरं, तुमचंच खरं."

आणि व्हायचं तेच झालं. मी आणि माझी भावंडं भट्टीत रचून झालो होतो. सोबुनचा नवरा छीसाम पाठीवर मडकी बांधून धान्य आणायला गेला होता. रविवारची सकाळ होती. पायवाटेने शिपाई चढताना दिसला. पळायला वाट नव्हती. आजोबा भट्टीच्या बाजूच्या दारातून आत शिरले आणि मला टेकून बसले. सोबुनने दारात विटा रचल्या आणि ओल्या मातीने फटी लिंपल्या. आत काळोख झाला. मी कच्ची माती, ते म्हातारे. आम्ही दोघेही कोंडले गेलो.

बाहेरचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"काय गं, भट्टी भरलेली, लाकडं फोडलेली, आणि हात बांधून बसलीस? आजच बरी बसलीस."

"नवरा बाहेर गेलाय, सरकार. बाईमाणसाने भट्टी पेटवली की माल तडकतो म्हणतात."

"तडकू दे. खालचे लोक काय म्हणतात ठाऊक आहे? या डोंगरावर सातव्या दिवशी कोणी काम करत नाही. करून दाखव, मी जातो. नाहीतर मीच पेटवतो."

सोबुनच्या पाठीवर तान्हं मूल बांधलेलं होतं, ते कुरकुरत होतं. नाही म्हणावं तर सगळी वाडी बांधून नेणार. हो म्हणावं, तर आत मामंजी. मित्रांनो, माझ्यापाशी बसलेल्या म्हाताऱ्याला एका हाकेत हा पेच सोडवता आला असता. विटा ढकलून ते बाहेर गेले असते, तर शिपायाला हवा तो माणूस मिळाला असता. पण मग त्यांना लपवणारी सूनही गेली असती आणि ते मूलही. ते हलले नाहीत.

"मी पेटवते, सरकार," सोबुन म्हणाली. "तुम्ही भसाभस घालाल आणि वर्षाची कमाई फोडाल."

तिने तोंडाशी अगदी लहानसा जाळ केला, तोही खडखडीत वाळलेल्या लाकडाचा, म्हणजे धूर कमी होईल.

"एवढ्या जाळावर माझं पाणीसुद्धा तापायचं नाही," शिपाई म्हणाला.

"पहिल्या दिवशी असाच ठेवतात. कच्च्या मालाला एकदम आच सोसत नाही." हे तिने मुद्दाम मोठ्याने म्हटलं. ते शिपायासाठी नव्हतं.

आत ऊब येऊ लागली. आजोबा पुटपुटत होते. मला वाटलं प्रार्थना असेल, पण ते देवाशी भांडत होते. "आयुष्यभर सगळ्यांना सांगितलं, घाबरू नका, उठायचं आहे. आता माझी पाळी आली तर मीच घाबरलोय. उठवशील ना रे? नक्की ना?" मग थोड्या वेळाने म्हणाले, "सुनेला आधी सांभाळ. माझं नंतर बघ."

शिपाई भुकेने कुरकुरायला लागला. सोबुनने विचार केला असेल, पोट भरलं की जाईल. ती घरात गेली आणि स्वतःच्या वाटणीचा जवाचा भात, सोयाबीनचं सार आणि मुळ्याचं किमची लोणचं घेऊन आली. तेवढ्या वेळात त्या कंटाळलेल्या माणसाने गंमत म्हणून भट्टीच्या तोंडात लाकडांचा भारा कोंबला. ती परतली तेव्हा जाळ आत धावत होता आणि तो हसत होता. त्याच्यादेखत तिला ती लाकडं ओढून काढता आली नाहीत. तिने ताट त्याच्यापुढे ठेवलं.

आजोबांना खोकला येत होता. त्यांनी अंगरख्याची बाही तोंडात कोंबली आणि पाठ माझ्यावर घट्ट दाबली. त्यांच्या घामाने माझा लेप सुटला आणि त्यांच्या कपड्याला लागला. बाहेर एक माणूस चवीने सार भुरकत होता. त्याच्या कानावर खोकल्याचा आवाज गेला नाही. तो जेवला आणि सातव्या दिवशी काम करणारी माणसं बघून समाधानाने डोंगर उतरला.

सोबुनने नखांनी विटा उकरल्या. बाही अजून त्यांच्या तोंडात होती. ते गेले होते.

छीसाम परतला. बापाला उतारावर पुरून झालं, पुढे मलाही रीतसर भाजून काढलं. त्याला मला फोडून टाकायचं होतं, सोबुनने फोडू दिलं नाही. तिने मला चुलीजवळ ठेवलं. त्या घरात रीत होती, भात घालण्याआधी माणशी एक मूठ धान्य बाजूला काढायचं, डोंगर ओलांडून येणाऱ्या कोणाही उपाशी माणसासाठी. ते धान्य आता माझ्या पोटात पडू लागलं. वाढत्या घराबरोबर मुठी वाढल्या, पण हिशोबात नेहमी एक मूठ जास्त निघे. वाटसरू येत, न विचारता झाकण उघडून नेत. एका दुष्काळात शिपाईसुद्धा येऊन नेत. त्यांच्याकडे सोबुन मान वर करून बघत नसे, पण मापटं ती स्वतः भरून देई.

ती म्हातारी झाली तेव्हा नातसुनेने विचारलं, "आजी, ही जास्तीची मूठ कोणाची?"

"मामंजींची."

"ते तर केव्हाच वारले."

"वारले, पण संपले थोडेच? उठतील तेव्हा भूक लागलेलीच असणार." मग तिने माझं झाकण लावलं. "त्या दिवशी जाळ मी लावला, बाळ. रात्र रात्र झोप लागत नव्हती. पण मला ठाऊक आहे, उठल्या उठल्या आधी ते माझ्यावरच ओरडतील. म्हणतील, रविवारी भट्टी कोणी पेटवली? बोलू देत पोटभर. ती बोलणी खायचीच मी वाट बघतेय."

आता मी एका प्रार्थनामंदिराच्या दालनात काचेआड आहे. रोज माझ्यावरची धूळ पुसतात, तसं माझं बरं चाललंय. पण पोटात काही नाही, आणि रिकामा रांजण म्हणजे नुसती कोंडलेली हवा. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, जरूर जपा. पण जपणं म्हणजे कुलूप लावणं नव्हे. तुमच्या घरी एखादं जुनं भांडं असेल, तर ते चुलीजवळ ठेवा आणि रोज त्यात एक मूठ टाका, ज्याचं नावसुद्धा तुम्हाला ठाऊक नाही अशा माणसासाठी. आणि तुमचं जे माणूस गेलं आहे, त्याचीही एक मूठ काढा.

सोबुनही आता उतारावर सासऱ्याशेजारी निजली आहे. त्या दोघांचं भांडण अजून मिटायचं आहे, आणि ते मला ऐकायचं आहे.