मेट्टेचं शेवटचं जेवण

जव. जवस. तणाच्या बिया, निदान वीस जातींच्या.

मेंढीच्या कातड्याची टोपी. टाके असे, की गावच्या शिंप्याने लाजावं.

काचेची बरणी, दिवंगत डॉक्टरांच्या कपाटात चौदा वर्षं पडलेली.

मेट्टे ब्रोगोर, १९१७–१९३८.

हे शेवटचं ज्या दगडावर कोरलं होतं, त्यावर मेट्टेची आई सिद्सेल बसली होती आणि उठायला तयार नव्हती. अंगात चर्चला जायचा काळा कोट, पायांत गोठ्यातले लाकडी बूट. समोर थडगी खणणारा क्रेस्टेन फावड्यावर रेलून उभा. थडगं उघडायची पाद्रीबुवांची परवानगी त्याच्या खिशात होती.

संग्रहालयाच्या फ्रीससाहेबांनी बरणी उजेडात धरली.

“बाई, डॉक्टरांनी हे या थडग्यातल्या प्रेताच्या पोटातून काढून ठेवलं होतं. यात बटाटा नाही. नुसती तणाच्या बियांची पेज. दोन हजार वर्षांपूर्वी लोक असं खात.”

“म्हणजे मी पोरीला तण खायला घालत होते?”

“तसं नाही—”

“आमच्याकडे रोज बटाटे उकडतात, साहेब. तुमच्याकडे उकडत नसतील.”

क्रेस्टेन खोकला. हसू लपवायची तेवढीच कला त्याला येत होती.

फ्रीस समजावू लागले. दलदलीचं पाणी कातडी कमावतं, माणूस कालच गेल्यासारखा दिसतो. जळणासाठी दलदलीतली माती कापताना ती बाई सापडली, तेव्हा ती मेट्टेच समजून गाव फसलं. डोक्यावर ती कातड्याची टोपी, गळ्यात चामड्याचा फास होता. देवाला वाहिली असावी. सिद्सेल त्यांच्या चकचकीत बुटांकडे बघत राहिली. चिखलात रुतेपर्यंत शहाणे असतात, तसले बूट.

“मी आई आहे. मी ओळखलं.”

“कशावरून?”

“तांबड्या केसांवरून.”

“त्या पाण्यात सगळ्यांचेच केस तांबडे होतात, बाई.”

“मेलेल्यांचं बरं कळतं तुम्हाला. पगार त्याचाच मिळतो, नाही का?”

“सिद्सेलकाकू, उठा आता,” क्रेस्टेन म्हणाला.

“तू गप रे! मेट्टे घोडेवाल्याबरोबर पळाली, म्हणून खानावळीत बोंबलत होतास तूच. तिला पुरली तेव्हा तुझं तोंड बंद झालं. हे थडगं तिचं नाही म्हटलं, की पुन्हा उघडेल.”

क्रेस्टेन फावड्याची माती बुटाने खरवडू लागला.

फ्रीसना सगळं उमगलं, निदान त्यांना तसं वाटलं. त्यांनी हॅट काढली. सुई टोचण्याआधी ढोरांचा डॉक्टर गाईशी बोलतो, तसा आवाज मऊ केला.

“माफ करा. म्हणजे तुमची मुलगी अजून त्या दलदलीतच कुठेतरी असेल. आम्ही शोधू. पोलिसांना कळवतो, उद्यापासून माणसं लावतो.”

“नको.”

उत्तर फार लवकर आलं. क्रेस्टेनने मान वर केली.

सिद्सेल उठली. कोटाची मागची बाजू झटकली.

“काढा काय काढायचं ते,” ती म्हणाली. “दगडाला हात लावायचा नाही.”

मेट्टेचं पहिलं पत्र स्वीडनहून आलं ते १९३८ च्या मे महिन्यात. दलदलीतली बाई सापडली जूनमध्ये.