दूध यावं म्हणून

नाशिकच्या सातपुरातल्या त्या दोन खोल्यांत तेजस्विनीच्या दुधासाठी काय काय आलं म्हणून सांगू! अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी, बाळंतशेपा. वैदूकडची राखी रंगाची पुडी तर सासूबाईंनी, सगुणाबाईंनी, दोन तास ताटकळून आणलेली. नव्हतं ते फक्त पाणी. बाळंतिणीनं पाणी प्यालं की पोट सुटतं, बाळाला सर्दी होते, हा घरचा कायदा. दिवसाला दोन फुलपात्रं, तीही उकळून. आणि दूध कमी पडलं की बोल मात्र तिलाच.

नवव्या दिवशी दुपारी नवरा, दीपक, कंपनीत होता. तेजस्विनीनं लेकीचं दुपटं चाचपलं. कोरडं. सकाळीही कोरडंच होतं. छातीशी धरलं तर पोर तोंड उघडेना. कालपर्यंत रडत तरी होती.

"आई, ही रडत नाही हो. शूसुद्धा केली नाही. दवाखान्यात नेऊ या."

"झोपलीय ती. आन् सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाय बाळंतिणीनं." सगुणाबाई पुडी मधात कालवत होत्या. "ही आज दुप्पट घे. पोरीलाबी चाटवू."

"काय आहे यात?"

"मला काय माहीत? पान्हा फुटतो म्हणत्यात."

मधाचं बोट बाळाच्या ओठांशी आलं. लग्नानंतरच्या तीन वर्षांत जिनं आवाज चढवला नव्हता, तिनं सासूचा हात धरला. "नाही चाटवायचं!" ती ओरडली आणि बाळाला घेऊन अनवाणीच रिक्षाकडे धावली. सगुणाबाई शिव्या देत मागोमाग चढल्या.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या टाळूला हात लावला. खड्डा पडला होता. लगेच सलाईन लागलं.

"अंगातलं पाणी आटलंय. संध्याकाळ केली असती तर हाती लागली नसती." मग तेजस्विनीचे फुटलेले ओठ पाहून त्यांनी विचारलं, "तुम्ही पाणी किती पिता?"

उत्तर ऐकून त्या भडकल्या. "हिलाच तहानेनं मारताय, तर दूध कुठून येणार? पुड्या बंद! तहानेला पाणी, पोटभर जेवण, आणि बाळाला सारखं पाजायचं."

तेजस्विनी तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली. सगुणाबाई बघत राहिल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाई," त्या हळूच म्हणाल्या, "माझी पयली पोर अशीच निजून ऱ्हायली व्हती. बाराव्या दिशी गेली. मलाबी पाणी देत नव्हते. सगळे म्हणले, आईच कोरडी." त्यांनी डॉक्टरीणबाईंचा हात धरला. "मंग मी कोरडी नव्हते ना?"